दिव्याकडे न जाणारा पतंग

मुलीच्या सीमान्तपूजनात मी जावयाच्या खांद्यांवर जी शाल घातली, तिला सदतीस भोकं होती. (मीच मोजली. निरीक्षणाची सवय, दुसरं काय.)

शाल साधीसुधी नव्हती. माझ्या बायकोच्या, माधुरीच्या, आजोबांना संस्थानच्या दरबारात मिळालेली अस्सल पश्मिना. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत अशी एखादी वस्तू असतेच. ती वापरायची नसते, सांगायची असते. माधुरीने ती पुण्याच्या व्याह्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाकली होती, "आमच्याकडे जावयाला दरबारची शाल घालतात." तिच्या माहेरची सगळी अब्रू त्या शालीत गुंडाळलेली होती. शिवाय माहेरचा दंडक असा की, पुडकं मुहूर्तावरच सोडायचं, आधी उघडून बघायचं नाही.

मी नुकताच कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालो होतो आणि मला पतंगांचा नाद लागला होता. (पंखांचे पतंग, दोऱ्याचे नव्हेत. उत्तरायणाच्या गावात हे आधी सांगावं लागतं.) समा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, मागच्या खोलीत, मला एक विलक्षण नमुना सापडला. नखाएवढा, पिवळट सोनेरी, डोक्यावर तांबूस केस. दिवा लावला की जगातले पतंग दिव्यावर झेपावतात; हा पठ्ठ्या तुरुतुरु पळत माधुरीच्या शालीच्या पेटीमागे दडायचा. भिंग, तीन पुस्तकं आणि पंखांच्या शिरांचे तक्ते घेऊन मी आठवडाभर बसलो. प्रजाती काही ठरेना. मला ठरवता येत नाही म्हणजे ती नवीनच असणार, असा शास्त्रीय निष्कर्ष मी काढला.

शेजारच्या कोकिलाबेन गरम हांडवो द्यायला आल्या. त्यांनी भिंगाशिवायच पाहिलं.

"भाई, आ तो जीवात छे. कपडां खाई जाय. झाडू आपुं?" (जीवात म्हणजे कीड.)

"कोकिलाबेन, प्रजाती झाडूने ठरत नाही."

"तो पहेलां मारो, पछी नक्की करो," म्हणून त्या निघून गेल्या. आधी मारा, मग ठरवा म्हणणारी अशास्त्रीय बाई, असं मी वहीत नोंदवलं.

दोन दिवसांनी पेटीजवळ एक पतंग मेलेला सापडला. कारण उघड होतं: पेटीतल्या डांबरगोळ्या. त्या वासात नवी प्रजाती नांदणार कशी? मी गोळ्या काढून कचऱ्यात टाकल्या आणि हवा खेळावी म्हणून झाकण बोटभर उघडं ठेवलं. चार महिन्यांत माझ्या पतंगांची भरभराट झाली.

"अहो, हल्ली खोलीत गोळ्यांचा वास येत नाही," माधुरी एकदा म्हणाली.

"उडून जातात त्या," मी म्हणालो. (रसायनशास्त्रानुसार हे अगदी खरं आहे.)

सीमान्तपूजनाला हॉल भरलेला. माधुरीने पुडकं दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं, मी गाठ सोडली आणि शाल झोकात उलगडून जावयाच्या खांद्यांवर टाकली. तिच्यातून तीन पतंग बाहेर पडले आणि दिव्यांकडे पाठ फिरवून थेट त्याच्या कॉलरमध्ये शिरले.

"पाहा, दिव्याकडे जात नाहीत!" वधूपिता आनंदाने ओरडला. वधूपिता म्हणजे मीच.

विहीणबाईंनी शालीचं टोक बोटांत धरलं. "ही जाळीची नक्षी दरबारातलीच का हो?"

"ना बेन, नक्षी नथी," पहिल्या रांगेतून कोकिलाबेन म्हणाल्या. "आ तो भाईनी जीवात छे."

मी माधुरीकडे पाहिलं. ती चिडलेली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले होते. माझी मलाच लाज वाटली. तेवढ्यात जावयाने शाल नीट सारखी केली आणि म्हणाला, "बाबा, राहू दे. हवा छान येते हिच्यातून." जेवणं होईपर्यंत त्याने ती काढली नाही. तिथे माधुरी पहिल्यांदा हसली, पण माझ्याकडे पाहून नव्हे.

घरी तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी शालीचा शाबूत राहिलेला काठ फ्रेम करून तिने हॉलमध्ये लावला. खाली माझ्याच नमुन्यांचं छापील लेबल, भरलेलं तिच्या अक्षरात:

प्रजाती: नवरा.
सापडण्याचे ठिकाण: समा, बडोदे.
खाद्य: माहेरची लोकर.

मी भिंग लावून दोनदा वाचलं. वर्गीकरणात चूक काढायला जागा नव्हती. निदान दुर्मिळतेच्या रकान्यात तरी काही बरं लिहिलं असेल, म्हणून शेवटची ओळ पाहिली. तिथे होतं: घरोघरी आढळतो.