रूथताईंचा गुरुवार

रूथताई भालेराव चहा उभ्यानेच प्यायच्या. आमच्या घरात चार धड खुर्च्या, सोफा आणि आईचा दिवाण असताना या बाई स्वयंपाकघराच्या दाराला टेकून भरभर चहा संपवायच्या आणि कप स्वतःच विसळून ठेवायच्या. बसा म्हटलं की "अच्छा, बसते" म्हणायच्या, आणि थोड्या वेळानं पाहावं तर आमच्या फ्रिजवरची औषधं काढून तारीख उलटलेल्या गोळ्या वेगळ्या करत असायच्या. "बसलं की अंगाला गंज चढतो," असं त्यांचं म्हणणं. आमच्या आईला हे स्वतःवरच बोलल्यासारखं वाटायचं, कारण आई दिवसातला बराच वेळ बसूनच असते.

मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर त्यांचे थोरले भाऊ प्रभाकरराव राहतात. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत नगरहून दिल्लीला आले, तेव्हापासून हे मराठी ख्रिस्ती कुटुंब इथलंच झालं. रूथताई दिल्लीतच नर्सिंग शिकल्या आणि पुढे एका मिशन मंडळातर्फे आफ्रिकेत, मलावीला गेल्या. तिथे एका खेड्यातल्या मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणं करायची, नव्या मुलींना ते काम शिकवायचं, आणि रविवारी उपासना झाली की वस्त्यांवर फिरायचं. पंधरा-सोळा वर्षं हे चाललं. मग एके दिवशी त्या वॉर्डातच कोसळल्या. मंडळानं त्यांना वर्षभर विश्रांतीसाठी भावाकडे पाठवलं. तब्येत आणि मन दोन्ही सावरलंय अशी खात्री पटली तरच परत पाठवू, अशी अट घातली. रूथताईंना परत जाण्याखेरीज दुसरं काहीही नको होतं.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे. आमच्याकडे रजा मंजूर झाली की माणूस फोनसुद्धा उचलत नाही. त्यामुळे रूथताईंची रजा बघून मलाच धाप लागायची. आल्या आल्या त्यांनी गेटवर गार्ड आणि कामवाल्या बायकांचं ब्लडप्रेशर तपासायला सुरुवात केली. मग पहिल्या मजल्यावरच्या घरातल्या सुनेचं बाळंतपण जवळ आलं, तेव्हा तिला रोज चालायला न्यायचं काम घेतलं. पाण्याची टाकी कधी धुतली होती, हे त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारलं आणि सेक्रेटरीची दिवाळी खराब केली. गार्ड तर त्यांना बघितलं की बिडी विझवायचा आणि "सिस्टरजी, आज तो बिल्कुल नहीं पी" असं धुरातूनच सांगायचा.

त्यात रविवारची भर. मिशनरी सुट्टीवर आली म्हणजे ती आता आपल्यासाठी मोकळी आहे, असा एक समज त्यांच्या मंडळींमध्ये होता. आज फरिदाबादच्या सभेत साक्ष द्या, पुढच्या रविवारी गाझियाबाद, मग गुरुग्राम. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. रूथताई मेट्रो बदलत बदलत जायच्या, पुरात वाहून जाता जाता वाचलेल्या बाळंतिणीची हकिकत सांगायच्या, लोक डोळे पुसायचे, मग जेवण आणि पुढचं आमंत्रण. प्रभाकरराव वैतागले होते. ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "हिला आराम करायला पाठवलंय का दौऱ्यावर? तुम्ही तरी सांगा हो, माझं ऐकत नाही." मी सांगून पाहिलं. "मी थांबले तर कोण करणार?" एवढंच उत्तर मिळालं. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं, की त्यात प्रश्न उरलाच नव्हता.

हिवाळा सुरू झाला आणि माझा पाय मुरगळला. मी घरी होते, म्हणून रूथताई रोज दुपारी पट्टी बांधायला यायच्या. दिल्लीत या दिवसांत ऊन म्हणजे चैन असते. धुकं फिटलं की सगळी सोसायटी खाली पार्कात येते, चटया पसरते, मटार सोलते, किन्नूची संत्री खाते आणि बाकी काहीही करत नाही. आईला वर्ध्याहून येऊन चाळीसेक वर्षं झाली, पण या शहराची तिला मनापासून आवडलेली गोष्ट ही एवढीच. त्या दिवशी मला धरून पार्कात नेलं होतं. रूथताई पट्टी बांधून उठायला लागल्या, तेव्हा आईनं त्यांना सहज विचारलं, "दिवसभर तुम्ही माणसांत. मग तुमच्या देवाजवळ कधी बसता?"

आईचा यात काही डाव नव्हता. आम्ही बौद्ध, आमच्या घरात देवाचा प्रश्न फारसा निघत नाही, म्हणून तिला खरोखरच कुतूहल होतं. रूथताई मात्र तशाच वाकून राहिल्या. नंतर चटईवर खाली बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बसतच नाही, आई. तीनेक वर्षं झाली. लोकांसाठी प्रार्थना करते, ती तोंडपाठ आहे. स्वतः डोळे मिटले, की समोर काहीच नसतं. नुसता वॉर्ड दिसतो. म्हणून मग उठते आणि कामाला लागते." मग म्हणाल्या, "चर्चमध्ये हे कुणाला सांगू? मला त्यांनी देवाच्या कामाला पाठवलंय."

ज्या बाईच्या साक्षीवर लोक रडतात, ती आतून कोरडी पडली होती आणि हे लपवायला दिल्लीभर धावत होती. मला त्यांची फार दया आली, आणि थोडी भीतीही वाटली. आई म्हणाली, "तुमची प्रार्थना मला येत नाही. पण बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही. उद्या या इथे. काही करायचं नाही, मटारसुद्धा नाही." रूथताई हसल्या, पण दुसऱ्या दिवशी आल्या.

ते बसणं बघवत नव्हतं. त्यांचे पाय हलायचे, बोटं साडीचा काठ चुरगाळायची. कुठे मूल रडलं की मान वळायची. पहिल्या दिवशी त्या पंधरा मिनिटांत उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी भांडल्याच. "तिकडे बायका बाळंत होताहेत आणि मी इथे ऊन खात बसू? हे पाप आहे, यार," असं मला म्हणाल्या. आई पाठ उन्हाकडे करून डुलक्या घेत होती. पण त्या रोज येत राहिल्या. एकदा माझ्या लक्षात आलं की त्यांचे डोळे मिटलेत आणि गालावरून पाणी वाहतंय. मी आईला खूण केली. आईनं मान हलवून मला गप्प बसवलं.

नाताळनंतरच्या रविवारी त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी रूथताईंची साक्ष ठेवली. मिशन मंडळाचे सचिव मुद्दाम ऐकायला येणार होते, आणि त्यांच्या शब्दावर फेब्रुवारीत परत जाणं ठरणार होतं. प्रभाकररावांनी आम्हालाही बोलावलं. ती बाळंतिणीची हकिकत सांगितली की काम झालं, हे सगळ्यांना माहीत होतं. रूथताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला ज्या गोष्टी सांगत आले त्या खऱ्या आहेत. पण त्या जुन्या आहेत. गेली तीन वर्षं माझी प्रार्थना बंद होती. मी देवाचं काम करत होते आणि देवाला टाळत होते. आता कुठे रोज थोडी बसायला लागलेय. एवढंच." आणि त्या खाली बसल्या. टाळ्या नाहीत, आमेन नाही. प्रभाकररावांनी मान खाली घातली. जेवताना सचिव रूथताईंशी सभ्यपणे बोलले आणि फेब्रुवारीचं जाणं रद्द झालं.

मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर माणूस हलका होतो. रूथताई झाल्या नाहीत. त्या आमच्यावर चिडल्या, आठवडाभर जिना उतरल्या नाहीत. मग एका दुपारी पार्कात आल्या, चटईच्या कडेला बसल्या आणि आईला म्हणाल्या, "तुमच्यामुळे माझं तिकीट गेलं." आई म्हणाली, "हो, गेलं खरं." उन्हाळा त्यांनी दिल्लीत काढला, कूलरपुढे तळमळत. त्या काळात सचिवांशी त्यांचं पुष्कळ बोलणं झालं. पावसाळा सरता सरता त्या परत गेल्या, पण या वेळी अट त्यांनी घातली. "रविवार हा मिशनमधला सगळ्यात कष्टाचा दिवस, तो विश्रांतीचा कसा होणार? तेव्हा आठवड्यातला गुरुवार माझा. त्या दिवशी मी दवाखान्यात नसेन, शिकवलेल्या मुली सांभाळतील." मंडळानं ते मान्य केलं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. मी पार्कातच होते, आईच्या शेजारी. रूथताईंचा आवाज बसलेला होता. गेल्या गुरुवारी दवाखान्यात एक बाळंतीण गेली होती. रक्तस्राव थांबला नाही. मुलींनी सगळं बरोबर केलं होतं, आपल्याला बोलावूनही उपयोग झाला नसता असं डॉक्टर म्हणतात, असं त्यांनी सांगितलं.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला कधीच कळणार नाही," त्या म्हणाल्या. "मी असते तर ती वाचली असती का, हे मला मरेपर्यंत कळणार नाही."

मी फोन स्पीकरवर टाकला. आई पुढे झुकून ऐकायला लागली. रूथताई म्हणाल्या, "आई, आज गुरुवार आहे. सकाळपासून तीनदा चप्पल घालून दारापर्यंत गेले. आता खोलीत बसलेय. देवाशी भांडतेय, नाही नाही ते बोलतेय त्याला. पण बसलेय."

आईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "बसा. आम्ही पण बसलोय."