इंदापूर म्हणायचं नाही

निमगाव केतकीत ज्ञानूआबांना पाठीमागं सगळे 'काबरं' म्हणतात, आणि उगीच म्हणत नाहीत. बत्तीस वर्षं ते बारामती-इंदापूर रस्त्यावर मैलकुली होते. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे. पण खड्ड्यात खडी पडायच्या आधी हा बाबा त्याच्याशेजारी उकिडवा बसून विचारणार, "हितंच का बरं पडला आसंल?" मुकादम कपाळाला हात लावायचा. मात्र आबांनी भरलेला खड्डा परत पडायचा नाही, हेही तितकंच खरं.

निवृत्तीला सहा वर्षं झाली, पण जित्याची खोड. त्या दिवशी सांजच्याला तर त्यांच्यापुढं असा एक 'का' येऊन बसला की ज्याचं नाव ते. आठ महिन्यांचा, दोन दात दाखवून हसणारा आणि झोपेचं नाव न घेणारा.

ती त्यांची नात, श्रेया. तिची आई दिशा एसटीत कंडक्टर. बाळंतपणाच्या रजेनंतर दिशाला जवळच्या फेऱ्या होत्या, दिवेलागणीच्या आत घरी यायची. आता लांबची गाडी लागली होती, आठवड्यातून दोन रात्री नाशकाला मुक्काम. आबांचा मुलगा संघपाल कंपनीत दुसऱ्या पाळीला. म्हणजे लेकराला निजवायचं आजी-आजोबांनी.

निघताना दिशानं बॅगेतून एक कागद काढून दाखवला होता. "आबा, राजीनामा लिहून ठेवलाय. आज ती माझ्याशिवाय झोपली तर ठीक, न्हायतर उद्या देऊन टाकते. लेकराला रडवून न्हाय करायची मला नोकरी." दोनदा परीक्षा देऊन लागलेली ही पोर, पहिल्या दिवशी खाकी घालून आरशापुढून हलेना. ते आबा विसरले नव्हते.

साडेआठ वाजले. आजीनं, म्हणजे तुळसाबाईंनी, पाळणा हलवला, टाळूला तेल घातलं, अंगाई म्हटली. शेवटी "बागुलबुवा आला" म्हणून भीती घातली, तर पोर बागुलबुवा बघायला मान उंच करून बसली!

"तुमच्यावर गेलीय ही," तुळसाबाई करवादल्या. "हिला बी समदं बघायचंय! चार लेकरं निजवली म्या ह्या हातानं, पन असलं न्हाय बघितलं." एवढ्यात श्रेयाला आईची आठवण झाली आणि तिनं भोकाड पसरलं. "लावा दिशाला फोन. आईबिगर लेकरू निजत नसतंय. दे म्हणावं राजीनामा!"

"आगं, पन आईपाशी धा मिनिटांत कशी निजती? का बरं? कायतरी आसंल की!" आबाही चिडले. बंद दाराआडून रोज दिशाचं पुटपुटणं ऐकू यायचं. पण सुनेच्या दाराला कान लावणारा माणूस नव्हे तो. त्यांनी सरळ फोन लावला. दिशा नुकतीच डेपोत पोचली होती.

"काय म्हनतीस गं हिला रोज, निजवताना?"

दिशा हळूच म्हणाली, "हसू नका आबा. ष्टॉपची नावं म्हणते. सातव्या महिन्यापर्यंत हिला पोटात घेऊन बारामती-इंदापूरच केलंय. तिनं दुसरं काय ऐकलंय?"

आबांना हसू कसलं! त्यांना कधी एकदा करून बघतो असं झालं. पोरीला मांडीवर घेऊन थोपटत सुरू केलं, "बारामती... पिंपळी... काटेवाडी... भवानीनगर... सणसर..." रडणं थांबलं. लासुर्ण्याला मूठ सैल झाली. शेळगावला पापण्या जड झाल्या. निमगावला मिटल्या. आबा खुशीत म्हणाले, "इंदापूर!" आणि पोरीनं टक्कन डोळे उघडले.

पुन्हा बारामतीपासून. पुन्हा इंदापूरला टक्क. तिसऱ्यांदाही तेच.

"का बरं?"

"का बरं काय?" तुळसाबाई म्हणाल्या. "इंदापूर आलं म्हणल्यावर कोण निजून ऱ्हाईल? तुमी तर अर्ध्या वाटंतच पिशवी घिऊन उभं ऱ्हाता!"

आबा बघतच राहिले. बाईनं बसल्या जागी कोडं सोडवलं होतं. आईच्या कुशीत पोर इंदापूरच्या आतच निजत असणार; इथं गाडी सावकाश न्यायला हवी, इंदापूरला पोचायलाच नको. पण थांबे मोजून दहा-अकरा. दिशाला तेवढेच ठाऊक, तिची गाडी पळती. आबा मात्र त्या रस्त्यानं बत्तीस वर्षं पायी हिंडले होते.

"बारामती सुटली," त्यांनी आवाज खाली आणला. "मग रस्त्याखालनं पानी जायाची पहिली मोरी. पावसाळ्यात हितं बेडकं लई. मग जोड लिंब, डावा वाकडा, उजवा सरळ. वाकड्याला चुना जास्ती लागायचा. मग मैलाचा दगड. त्या दगडावर रोज एक सरडा बसायचा. त्योच का बसायचा, ते काय कळलं न्हाय बघ..."

यातलं आता काही उरलेलं नाही. रस्ता रुंद झाला, लिंबं गेली, दगड गेले. सगळं आबांच्या डोक्यात तेवढं शिल्लक होतं, आणि तिथलं कुणी कधी विचारलं नव्हतं.

"मग थोरली चिंच. हिच्या सावलीला तुझी आजी नवी नवरी आसताना भाकरी घिऊन आली, आन लाजंपायी मान वर न करता मजुरांच्या दुसऱ्याच टोळीला वाढून गेली. म्या दिवसभर उपाशी!"

"अवं! लेकराला काय सांगताय!" तुळसाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

श्रेया हसली नाही. ती झोपली होती. सणसर अजून यायचं होतं.

फोन वाजला तशी तुळसाबाईंनीच झडप घातली. "झोपली का वो?" दिशाचा आवाज रडवेला होता.

"झोपली. सणसरच्या अलीकडंच. फाड त्यो कागद!" पलीकडून कागद टराटरा फाटल्याचा आवाज आला. मग नाक ओढल्याचा. मग, "आई, आबांना द्या जरा."

आबांनी फोन कानाला लावला.

"आबा, परक्या जागेत मलाच झोप येईना. तिला काय सांगितलं ते मला बी सांगा की. सणसरपासून पुढचं."

रस्त्याचं पुढचं विचारणारं माणूस जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं. मांडीवरची नात हलू न देता त्यांनी सणसर सोडलं. फुटकी मोरी घेतली, बाभळीचं वळण घेतलं, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, शेळगाव करत अगदी स्वतःच्या दारापर्यंत आले. पलीकडं आता नुसता संथ श्वास ऐकू येत होता. तुळसाबाईही भिंतीला टेकून पेंगत होत्या.

आबांनी फोन तसाच चालू ठेवला. इंदापूर काही म्हटलं नाही.