मालिका संपली तेव्हा आलेली तक्रार

ती तक्रार आठवली की आजही आधी हसू येतं, आणि मग मान खाली जाते.

झाशीत दतिया गेटजवळच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. त्या वर्षी टीव्हीवर पोलीस तपासाची एक मालिका जोरात चालली होती. हरवलेल्या धाकट्या बहिणीला शोधणारी थोरली बहीण आणि तिला मदत करणारा इन्स्पेक्टर, एवढीच गोष्ट. मी त्या मालिकेला यथेच्छ नावं ठेवायचो. त्यातला साहेब कधी ठाण्याचा रोजनामचा लिहीत नसे आणि त्याच्या वर्दीवर कधी घामाचा डाग नसे. पण एकही भाग मी चुकवला नाही. पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात त्याने फाईल बंद केली, ती बहीण रिकाम्या फलाटावर एकटी उभी राहिली आणि मालिका संपली. मी रिमोट आपटला. बायको म्हणाली, "तुमच्या ठाण्यातल्या फायली बंद होतात तेव्हा काही आपटत नाही तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी संपते न संपते तोच ठाण्याचा कारकून, मुन्शी, हसत आत आला. "साब, मास्टरनीजी आईं हैं. कह रहीं, सीरियल की रपट लिखानी है."

साठी ओलांडलेली, एकटी राहणारी ती निवृत्त शिक्षिका. आमच्यासारखंच तिचंही घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून येऊन झाशीत रुजलेलं. समोरच्या खुर्चीत ती ताठ बसली.

"दरोगाजी, काल पाहिलंत ना? असा शेवट करतात?"

"बाई, मलाही नाही आवडला. पण रपट कुणाच्या खिलाफ लिहू?"

"त्यांच्या नको. माझ्या बहिणीची फाईल काढा. तुमच्या ठाण्यानं पंचवीस वर्षांपूर्वी असाच शेवट केलाय. मी मनाशी ठरवलं होतं जी, त्या मालिकेतल्या बाईला बहीण मिळाली की आपण ठाण्यात जायचं. तिला नाही मिळाली. आता मी कुणाच्या भरवशावर थांबू?"

मुन्शीचं हसू मावळलं. फाईल शोधायला दोन दिवस लागले. आत तीन कागद. वीस वर्षांची मुलगी घरातून गेली, वडिलांनी हरवल्याची नोंद केली आणि आठवड्याभरात येऊन 'आता शोधू नका' असं लिहून दिलं. खाली फायनल रिपोर्ट. शेजाऱ्यांचा एकही जबाब नाही. ज्याने ही फाईल बंद केली त्याच्यावर मी चिडलो, आणि पुढच्या क्षणी आठवलं की अशा कितीतरी रिपोर्टांवर माझीही सही आहे.

पहिली खबर दिली ती दतिया गेटबाहेरच्या म्हाताऱ्या चुडीवाल्याने. त्याच्या दुकानापुढून पोलीस रोज जात, पण त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "साब, हरी चूड़ियाँ तो आप मराठी लोगन की दुल्हनें ही पहनती हैं. उस बिटिया को मैंने ही पहनाई थीं, पंडितजी के आँगन में."

पंडितजी म्हणजे आमच्याच समाजातले गुरुजी. वय ऐंशीच्या पुढे. मी त्यांना ठाण्यात बोलावलं नाही, त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून प्रश्न विचारले की तो फक्त घाबरतो. त्याच्याजवळ मांडी घालून बसलं की तो बोलतो. तिसऱ्या खेपेला ते बोलले.

"लग्न मी लावलं. मुलगी सज्ञान होती. मुलगा फौजी, बबीन्याच्या छावणीतला, जातीबाहेरचा. ती मेली असं धरून वडिलांनी तिच्या नावानं आंघोळ केली. मी कुठल्या तोंडानं बोलणार होतो?"

नवऱ्याचं आडनाव त्यांनी सांगितलं, पण त्या पलटणीत निम्मे जवान त्याच आडनावाचे. मग मी मुलीचं नाव लिहून बबीन्याला पत्र पाठवलं. उत्तर आलं, या नावाच्या पत्नीची नोंद नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. दोन महिने असे वाया गेले. शिक्षिका दर सोमवारी यायची, बाकावर बसायची आणि काही न विचारता निघून जायची. न विचारणं मला जास्त छळायचं.

मग माझ्या पुतण्याचं लग्न आलं. ताटात तांदूळ पसरले, पुतण्याने अंगठीने त्यात नवरीचं नवं नाव लिहिलं, आणि मी मांडवातच कपाळावर हात मारला. लग्नात मुलीचं नाव बदलतं! माझ्या आईचं बदललं होतं. माझ्या बायकोला मीच ठेवलेल्या नावाने हाक मारून रोज दोनदा चहा मागत होतो. माझ्या हिंदीभाषक शिपायांना हे ठाऊक नसणं समजू शकतं, पण मी? वर्दी चढवली की मी घर खुंटीला टांगून येत होतो, दुसरं काय?

तसाच गुरुजींकडे गेलो. "तांदळात कोणतं नाव लिहिलं होतं?"

"विचारलंत कुठे आधी?" असं म्हणून त्यांनी नाव सांगितलं. आठ दिवसांत पत्ता हातात आला.

महाराष्ट्रातल्या एका लहान गावी, तिथल्या ठाण्याला कळवून, महिला शिपायाला बरोबर घेऊन गेलो. नवरा निवृत्त झालेला, मुलं मोठी. तिची मराठी त्या मातीतली झाली होती, पण "बसा ना जी" म्हणाली आणि मला एकदम झाशी भेटली. लग्नानंतर दोन वर्षं ती बबीन्यातच होती. तासाभराच्या वाटेवर.

"बाबा गेले. ताई तुमची वाट बघते आहे," मी म्हणालो.

पदराचं टोक पिळत ती म्हणाली, "साहेब, बाबांनी माझ्या नावानं आंघोळ केली, ते पाणी ताईनं काढून दिलं. गुरुजींनीच सांगितलं मला. बाबांचं मी कधीच सोडून दिलं. ताईचं नाही सुटत. माझा पत्ता तिला देऊ नका."

सज्ञान स्त्रीने असा जबाब दिला की पोलिसांचे हात बांधलेले असतात. मी जबाब लिहिला, तिने सही केली. निघताना दारापर्यंत आली आणि हळूच विचारलं, "तिचे गुडघे दुखायचे. आता कसे आहेत?"

परत आल्यावर शिक्षिकेच्या घरी गेलो. बहीण जिवंत आहे, सुखात आहे, पत्ता देऊ नका म्हणते, एवढं सांगितलं. गुडघ्यांचंही सांगितलं. मग पाण्याचंही.

"हो," ती म्हणाली. "मीच काढलं. बाबांना गार पाणी सोसत नसे, म्हणून तापवून दिलं. तेव्हा बंबाशी बसून मी रडत होते, ते कुणी पाहिलं नाही." मग म्हणाली, "नाव काय ठेवलंय तिचं?"

नाव सांगायला कायदा आडवा येत नव्हता. ते इथे लिहीत नाही. तिने ते दोनदा उच्चारलं. दुसऱ्यांदा तर आतल्या खोलीतून कुणाला जेवायला बोलवावं तसं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हीसुद्धा वाईटच केलात हो शेवट."

ठाण्यात येऊन फायनल रिपोर्ट लिहिला: महिला सज्ञान, स्वेच्छेने राहते, तपास बंद. मालिकेतल्या त्या साहेबावरचा माझा राग सही करताना उतरला. शोधून काढणं आमच्या हातात असतं, परत आणणं नसतं, हे मला नोकरीच्या त्या वयात कळलं, आणि बंद फाईलच्या आत माणसं वाट बघतच असतात हेही.

शिक्षिकेने लिहिलेलं पत्र मी त्या पत्त्यावर पाठवलं. निवृत्त झालो तरी उत्तर नाही. पुढे मालिकेचं दुसरं पर्व आलं, तेव्हा मी मुद्दाम शिक्षिकेच्या घरी ते बघायला जायचो. शेवटच्या भागाच्या दिवशी मी पोचलो तर टीव्ही बंद होता.

"आज बघायचं नाही?" मी विचारलं.

"नको जी," ती म्हणाली. "शेवट पाहिला नाही, म्हणजे ती अजून येऊ शकते." आणि गुडघ्यावर हात टेकून, दार पुरतं उघडं आहे ना, हे बघायला उठली.