पिवळा गातो, राखाडी मुका

एका गेमच्या गाण्याने आम्ही तिघं त्या दिवशी मेलो असतो.

नाही मेलो. त्यातला एक, माझा धाकटा भाऊ मिलिंद, आज पहाटे गेला. हार्ट अटॅक.

कमेंटमध्ये रडके इमोजी टाकू नका. वाचा.

मिलिंदकडे हातात धरून खेळायचे दोन व्हिडिओ गेम होते. वरून विटा पडतात, त्या जुळवायच्या, तो गेम. एक जुना, राखाडी. दुसरा त्याच कंपनीचा नवा, पिवळा.

दोघांतला फरक तो भेटेल त्याला ऐकवायचा.

"आक्का, नव्याचा स्क्रीन मोठा हाय, पण बटणं कडक. कटकट वाजतात. जुन्याची रबराची, लोण्यासारखी. अन् जुन्याला बाजूला आवाज बंद करायचा खटका हाय. नव्याला न्हाई. चालू केला की आधी गाणं म्हणणारच."

"अभ्यासात एवढं डोकं घाल," मी म्हणायचे.

माझी लेक तेव्हा चार वर्षांची. तिला त्याने सोपं करून सांगितलं होतं. पिवळा गाणारा, राखाडी मुका.

मग चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली.

ताडकळसजवळच्या आमच्या गावात कोणी पेढे वाटले नाहीत. अठ्ठ्याहत्तरला, नामांतराच्या दंगलीत, आमचं घर जळताना मी पाहिलं होतं. शाळेत होते. रॉकेलचा वास तेव्हापासून मला सहन होत नाही.

दुपारी गावातली पोरं टोळीने आमच्या वस्तीकडे फिरायला लागली. वस्तीला लागून गयाकाकूंचं घर, शेतकरी माणसं. त्यांनी आम्हाला मागच्या दाराने आत ओढलं आणि कापसाच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली.

ढिगात मी, मिलिंद, लेक. झरोक्यातून उजेडाची एक पट्टी.

घराच्या पुढच्या दारात पावलं वाजली.

"काकू, आत कोण हाय?"

नेमका तेव्हाच लेकीने मिलिंदच्या पिशवीतून पिवळा काढला. बोट बटणावर.

मिलिंदने तो हिसकावला.

तिचे ओठ थरथरले. माझा हात तिच्या तोंडापर्यंत पोचायच्या आत ती ओरडली,

"मग मुका दे! मामा, मुका दे!"

मी तिचं तोंड दाबलं. माझे दात वाजत होते. ते बाहेर ऐकू जातील, असं वाटलं.

मग काकूंचा आवाज. "नात आलीय संक्रांतीला. मामाला मुका मागायलीय. का तुमी देता?"

कोणीतरी हसलं.

पावलं गेली.

काकूंनी कडी काढली ती तणतणतच. "मेल्या, लेकरू एवढं मागायलंय अन् तू एक मुका देईनास? असा कसा रे मामा तू?"

गेमचं त्यांना काही माहीतच नव्हतं.

मिलिंदने खटका चाचपून राखाडी लेकीच्या हातात दिला, आणि स्वतः कापसात तोंड खुपसून रडला.

पुढे जन्मभर, दारात अनोळखी पावलं वाजली की तो आधी रेडिओ बंद करायचा. नंतर टीव्ही. नवा फोन घेताना पहिला प्रश्न एकच, "आवाज बंद करायचा खटका बाजूला हाय का?"

दुकानदार हसायचे. मी कधी हसले नाही.

आज लेक पुण्याहून आली. मामाच्या कपाळावर ओठ टेकवले. या वेळी मागितला नाही, दिला.

त्याचा फोन माझ्याजवळ आहे. सायलेंटवर होता. बाजूचा खटका मी सरकवलाय. सकाळपासून वाजतोय.

वाजू दे, मिलिंद. आता भ्यायचं नाही.

तुला आक्काचा शेवटचा जय भीम.