लाल पट्टीच्या बाटल्या

अक्षराला हसू नये. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढची दहा वर्षं हातात पेन नव्हतं, निपाणीत बिडीचं पान होतं. शुद्धलेखनही कच्चं आहे. माफी आधीच मागून ठेवते.

त्या बुधवारी लाल पट्टीच्या सगळ्या बाटल्यांतल्या पेशी थांबल्या होत्या, आणि सगळे माझ्या हातांकडे बघत होते.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. बेळगावच्या एका लॅबमध्ये मी बाटल्या धुण्याचं काम करत होते. आमच्या मॅडम म्हातारपणाचा अभ्यास करायच्या, पण म्हाताऱ्या माणसांचा नाही, पेशींचा. आपलं अंग ज्या बारीक कणांचं बनलेलं असतं, त्या पेशी. बाळाच्या नाळेच्या तुकड्यातून त्या काढायच्या, चपट्या बाटलीत ठेवायच्या आणि वासराच्या रक्तातलं सीरम खायला घालायचं. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. बाटली भरली की त्या दोन नव्या बाटल्यांत वाटायच्या, एक पुढे वाढवायला, एक तपासायला. याला स्प्लिट म्हणतात. रजिस्टरमध्ये एक पिढी लिहायची. साधारण पन्नास पिढ्यांनंतर त्या वाढायच्या थांबतात. लगेच मरत नाहीत, नुसत्या बसून राहतात. का, हे मॅडमना शोधायचं होतं.

या वेळच्या पेशींच्या बाटल्यांना लाल पट्टी होती. त्या पेशी बेचाळीसलाच बसल्या.

असिस्टंट चौगुले म्हणाले, साबण राहिला असणार. साबणाचा अंश राहिला तर पेशी बिघडतात, हे खरं आहे. म्हणून प्रत्येक बाटली दहा पाण्यांतून काढायची असा नियम होता. त्या उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. “आक्कानं पाणी वाचवलं असंल,” एवढंच ते बोलले, पण ते चिकटलं.

मॅडम रागावल्या नाहीत. तीन दिवस माझ्या पाठीशी उभ्या राहून त्यांनी पाणी मोजलं. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. मग ऑफिसनं वाया गेलेल्या सीरमपोटी माझ्या पगारातून महिना वीस रुपये कापायचं ठरवलं. मॅडमनी सांगितलं, महिनाअखेर काही कळलं नाही तर या कामावर दुसरी बाई घ्यावी लागेल. घरात पगार माझा एकटीचाच होता.

मग मीही संशय घ्यायला लागले. चौगुल्यांनी एकदा मला पगार किती मिळतो ते विचारलं होतं. त्यांना आपलं माणूस लावायचं असेल का? कोणी माझ्या धुतलेल्या बाटल्यांत काही घालत असेल का? घरी जाताना मी कपाटाच्या दाराला बिडीचा दोरा बांधून ठेवायचे. आठवडाभर रोज सकाळी दोरा जसाच्या तसा. बाटल्यांना कोणी हात लावत नव्हतं.

तेव्हा मी माझी वही काढली.

निपाणीत कारखान्याचा कारकून छाट, म्हणजे खराब माल, म्हणून चांगल्या बिड्या बाजूला टाकायचा आणि आकडा त्याच्याच वहीत लिहायचा. म्हणून आम्ही बायका कोळशाच्या रेघा ओढून आपली मोजणी वेगळी ठेवायचो. ती सवय इथंही गेली नव्हती. धुतलेली बाटली हातातून गेली की एक रेघ. लाल पट्टीची असेल तर लाल पेन्सिलीनं.

लाल रेघा बहुतेक दोन-दोन होत्या. काही शनिवारी मात्र चार.

सांगायला मी दोन दिवस मॅडमच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या दिवशी वही टेबलावर ठेवली.

“हे काय?”

“शनिवारी चार बाटल्या जात्यात, मॅडम. फुटलेली एकबी न्हाय.”

त्यांनी चौगुल्यांना बोलावलं आणि चार कशाला लागतात ते विचारलं. मग त्यांना सांगावं लागलं. मॅडम सोमवारी धारवाडला शिकवायला जायच्या. ते हेरून चौगुले पंधरवड्यातून एकदा शनिवारी दुपारी सदलग्याला, आपल्या गावी जायचे ते मंगळवारीच यायचे. तोवर दोन बाटल्या गच्च भरल्या असत्या, म्हणून पेशी चारांत पातळ वाटायचे.

“आणि रजिस्टरमध्ये पिढ्या किती लिहिल्या?”

“एक. स्प्लिट एकदाच केला की, मॅडम.”

मॅडमनी वहीतल्या चार लाल रेघांवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “एकाचे दोन, ही एक पिढी. दोनाचे चार, ही दुसरी.”

असे शनिवार नऊ निघाले. बेचाळीस आणि नऊ, एक्कावन्न. पेशी वेळेवरच थांबल्या होत्या. रजिस्टर मात्र त्यांना तरुण समजत होतं. साबण नसेल तर आमच्याकडच्या पेशीच लवकर म्हाताऱ्या होतात, असा लेख टाइप होऊन मुंबईला जायचा बाकी होता. मॅडमनी तो ड्रॉवरमध्ये उलटा ठेवला.

चौगुले मला बाहेर म्हणाले, “आक्का, तुम्ही मला कवापास्नं मोजताय?”

“तुम्हांस्नी न्हाय,” मी म्हटलं. “बाटल्या.”

गोठवून ठेवलेल्या जुन्या पेशींतून मॅडमनी सगळं पुन्हा सुरू केलं. रजिस्टरशेजारी माझी वही ठेवायचा नियम झाला. या वेळी पेशी बावन्नला थांबल्या. का थांबतात, ते मॅडमना निवृत्त होईपर्यंत पुरतं कळलं नाही.

संशयाचा मला राग नाही. लॅबचं कामच संशयाचं आहे. पण तो आधी धुणारीवर आणि शेवटी लिहिणाऱ्यावर, असा रांगेनं घेऊ नये.

पगार मात्र कापला जातच राहिला. ऑफिसात कापायचा फॉर्म होता, परत द्यायचा नव्हता. मॅडमनी तीन चिठ्ठ्या लिहिल्या. पाचव्या महिन्यानंतर कारकुनानं शंभर रुपये पुढे सरकवले आणि सही करा म्हणाला. मी दोनदा मोजले, माझ्या वहीत बघितलं, मग सही केली. पैसे पुरे होते.