दाखल्यावरचा शेरा

"बाई, हितं काय लिवलंय ते वाचून सांगा," म्हणत कमलताईंनी शाळेचा दाखला माझ्या टेबलावर ठेवला. शेऱ्याच्या रकान्यात मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, 'दृष्टी अधू. अंधशाळेत पाठवावे.' कमलताईंची मुलगी सारिका चौथीत होती. वर्षाच्या मध्येच तिचं नाव पटावरून काढलं होतं.

मी तेव्हा इंदापूर तालुक्यात शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी होते. म्हणजे शाळा तपासायच्या, अहवाल लिहायचे. सारिकाची शाळा उजनी धरणाच्या पाण्याकाठची. गावाचं नाव सांगत नाही. कमलताई भिगवणच्या बाजारात मासे विकायच्या.

"अंधशाळा पुण्याला. नऊ वर्साची हाय ती. तितं ठिऊन मी हितं कशी ऱ्हाऊ?"

मी आमच्या ऑफिसातल्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "पोरीचं वाईट वाटतं मलाही. पण नियम कुठला दाखवणार?"

प्रश्न बरोबर होता. अपंग मुलांना साध्या शाळेत शिकवायची केंद्राची योजना जुनीच होती. पण योजना म्हणजे शाळेनं मनावर घेतलं तर. हक्क म्हणून मागावं, असं हातात काही नव्हतं. पंच्याण्णवचा अपंग व्यक्ती कायदा नुकताच लागू झाल्याचं पेपरात वाचलं होतं. आमच्या ऑफिसात त्याची प्रत आली नव्हती. माझी वर्गमैत्रीण बारामतीला वकिली करायची. एसटीनं जाऊन तिच्याकडून झेरॉक्स आणली. प्रत इंग्रजीत. डिक्शनरी घेऊन बसले. कलम सव्वीस सापडलं: अपंग मुलाला अठरा वर्षांपर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षण मिळालं पाहिजे.

सोमवारी शाळेत गेले. कमलताई सारिकाला घेऊन आल्या होत्या. मुख्याध्यापक तसे वाईट नव्हते. चार वर्गांना दोन शिक्षक, त्यात हे एक. त्यांनी कलम वाचलं आणि नेमकं बोट ठेवलं.

"मॅडम, 'योग्य वातावरण' म्हणजे अंधशाळाच की. मी तेच लिहिलंय."

"पुढची ओळ वाचा."

पुढे होतं, अशा मुलांना सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्यासाठी सरकारनं आणि स्थानिक संस्थांनी प्रयत्न करावा.

"प्रयत्न म्हटलंय. सक्ती नाही," ते हसले.

"बरोबर. मग आपल्या शाळेनं काय प्रयत्न केले, तेवढं लिहून द्या. मी अहवालाला जोडते."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. कागद कोराच राहिला.

मी सारिकालाच विचारलं, "तुला काय काय दिसतं गं?"

"फळा न्हाय दिसत. पर मोठ्ठं काळं लिवलं आन् जवळ धरलं की दिसतंय."

"गुरुजींना सांगितलंस कधी?"

"त्यांनी इचारलंच न्हाय."

मुख्याध्यापक उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि कोऱ्या बाजूवर जाड स्केचपेननं बेरीज घातली. सारिकानं पान नाकाला लावलं आणि उत्तर सांगितलं. त्यांनी दुसरी घातली. मग हातच्याची वजाबाकी. तीही आली. मग ते खाली बसले आणि त्या कोऱ्या कागदावर लिहून दिलं, दाखला रद्द, नाव पटावर परत.

"मग उद्यापासनं धाडू?" कमलताईंनी विचारलं.

"उद्या कशाला? आत्ताच बसू द्या की वर्गात."

सारिका चौथी पास झाली. पुढच्या जूनमध्ये त्याच मुख्याध्यापकांचं पत्र आलं. गावात कधीच शाळेत न आलेली आणखी दोन मुलं त्यांनी शोधली होती, त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं. खाली विचारलं होतं, 'यांना कोणत्या कलमाखाली दाखल करू?' मी लिहिलं, 'आधी दाखल करा. कलम मी कळवते.'

नोकरीत एक गोष्ट शिकले. कोणी 'नियमात बसत नाही' म्हणालं, की वाद घालू नये. लिहून मागावं.