पहिल्या भेटीचा प्रवासखर्च

ट्रॉन्डहाइमच्या आमच्या छोट्या ऑफिसातला आयविन्द हा जमीन खचण्याच्या धोक्यावर सल्ला देणारा. वर्षानुवर्षं तो पहिल्या भेटीला स्वतःच्या खर्चाने जायचा. लोक कॉफी पाजून फुकटात सल्ला घेत आणि पुन्हा फोन करत नसत. शेवटी त्याची भागीदार रागन्हिल्ड हिने नियम केला. आधी प्रवासखर्च, मगच गाडी निघेल.

ऑक्टोबरात आठवडाभर पाऊस लागला होता. नदीकाठच्या ओस्मुंड नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. त्याच्या कुंपणाचे खांब नदीकडे झुकले होते.

"येऊन एक नजर टाक. कॉफी माझ्याकडून."

"प्रवासखर्च द्यावा लागेल, ओस्मुंड."

"नुसतं बघायचे पैसे? मग राहू दे बाबा, खांब मीच सरळ करतो."

रागन्हिल्डने समोरून समाधानाने मान हलवली. आयविन्द मात्र फोन ठेवेना. तिकडची चिकणमाती त्याला ठाऊक होती. वरून घट्ट दिसते, पण एकदा हलली की ताकासारखी पातळ होऊन घरंदारं घेऊन जाते.

"स्वयंपाकघराचं दार नीट लागतं का?"

"ह्या प्रश्नाचं बिल वेगळं का?" ओस्मुंड हसला. "सकाळपासून अडकतंय. लाकूड फुगलंय पावसाने."

"बाकीची दारं?"

"झोपायच्या खोलीचं उघडतच नाही. बायको, बेरित, आत आहे. खिडकीतून ये म्हटलं तर माझ्यावरच चिडते."

"लाकूड नाही, घराखालची जमीन सरकतेय. तिला खिडकीतून काढ आणि दोघं वरच्या रस्त्याकडे पळा. आत्ता."

रागन्हिल्डने गाडीची किल्ली त्याच्यासमोर सरकवली. फोनवर ओस्मुंडचं हसणं थांबलं होतं. त्याच्यामागे कपाटातल्या कपबशा एकसारख्या वाजताना ऐकू येत होत्या.